आत्या कधी ‘कृपया’ म्हणत नाही

काटालिना आत्याचा मेसेज आला तेव्हा लुसेआनेचे दोन्ही हात कोपरापर्यंत नारळाच्या दुधात होते, आणि समोर निखाऱ्यांवर सहा डुकरं एका रांगेत फिरत होती. फिरवत होता तिचा नवरा कितिओने. एका हाताने सळई आणि दुसऱ्या हाताने तिचा फोन, असं तो रोज करायचा. त्यामुळे डुकरं एका बाजूने जरा जास्त भाजायची आणि मेसेजला उत्तरं जरा उशिरा जायची.

“तुझ्या आत्याचा मेसेज.”

“वाच.”

“‘प्रिय लुसेआने, तुझ्या फोनवर सहा आकड्यांचा कोड येईल. तो कृपया मला पाठव.’”

“आलाय का कोड?”

“आलाय. खाली लिहिलंय, हा कोणालाही सांगू नका.”

लुसेआनेने डुकराच्या पाठीवर दूध चोळलं. “आत्या म्हणजे काय कोणीही आहे का?”

“तेच म्हणतो मी.” कितिओने थांबला. “पण ‘कृपया’ म्हणतेय.”

“वय झालं तिचं. दे पाठवून.”

दोन वर्षांपूर्वी आत्या सहज म्हणून घरी आली होती. तिने स्वयंपाकघरातला नवा फ्रीज उघडला, बंद केला आणि “बरा आहे” म्हणाली. संध्याकाळी फ्रीज तोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफात, तिच्या घरी पोचला, आतल्या अर्ध्या कलिंगडासकट आणि कितिओनेच्या गुडघ्याच्या मलमासकट. मलम मागायला कोणी गेलं नाही. वडिलांच्या थोरल्या बहिणीला भावाच्या लेकरांनी “कशाला?” असं विचारायचं नसतं, आणि फ्रीजसाठी ज्यांनी विचारलं नाही ते सहा आकड्यांसाठी काय विचारणार?

कितिओनेने कोड पाठवला. लगेच उत्तर आलं: ‘खूप खूप धन्यवाद.’

लुसेआने क्षणभर डुक्कर चोळायची थांबली. आत्याने आजवर कोणाला धन्यवाद दिल्याचं घराण्यात कोणाला आठवत नव्हतं. “आजारी असणार गं बाई,” ती म्हणाली. “कॉन्फरन्स आटोपली की जाऊन बघून येऊ.”

तो शुक्रवार होता. चर्चची वार्षिक कॉन्फरन्स सुरू झाली होती आणि बुधवारच्या मेजवानीसाठी लुसेआनेकडे चौदा डुकरांची मागणी होती. तिचा धंदा जगावेगळा. खाणारे तोंगात, पैसे भरणारे ऑकलंडात नाहीतर सिडनीत. तिकडे बांधकामावर राबणारा कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत फोन उघडतो, लुसेआनेच्या पेजवर डुकराचा फोटो बघतो, पैसे भरतो, आणि इकडे त्याच्या आईच्या दारात कुरकुरीत कातडीचं डुक्कर हजर होतं. त्याने लुसेआनेला उभ्या जन्मात पाहिलेलं नसतं. डुकराची आणि त्याची तर भेट होणंच शक्य नसतं. सहा हजार चारशे लोक त्या पेजवर होते आणि सगळा कारभार एका फोटोवर आणि एका नावावर चालला होता.

अर्ध्या तासाने हात धुऊन ती पेज उघडायला गेली तर पेजने तिला ओळखच दाखवली नाही. पासवर्ड चुकीचा. पुन्हा चुकीचा. तिसऱ्या वेळी पेजने विचारलं, तुम्ही नक्की लुसेआने आहात का? या प्रश्नाचा तिने आजवर कधी विचार केला नव्हता.

“माझ्या फोनवरून बघतो,” कितिओने म्हणाला. त्याने बघितलं आणि सळई फिरवायची थांबवली. “आपण ऑफर ठेवलीय का गं?”

“कसली ऑफर?”

“‘कॉन्फरन्स धमाका. प्रत्येक डुक्कर अर्ध्या किमतीत. घाई करा. पैसे आगाऊ, या खात्यावर.’ खात्याचं नाव डेस्मंड फिंच.”

“डेस्मंड फिंच कोण?”

“मला वाटलं तुला माहीत असेल.”

फोटोतलं डुक्कर तिचं नव्हतंच. गुलाबी, गुबगुबीत, हिरव्या गवतात उभं आणि पूर्ण जिवंत. चेहऱ्यावर हसू. त्याखाली सव्वीस जणांनी बदाम टाकले होते आणि कोणीतरी लिहिलं होतं, ‘देव तुझं भलं करो लुसेआने, दोन पाठव, पैसे भरले.’

लुसेआनेने त्याच्या हातातून फोन ओढला. तिने फोन दोन्ही हातांनी धरला आणि ती बघत असतानाच खाली आणखी एक ओळ उगवली. ‘एक पाठव. भरले.’ मग आणखी एक. लोक पैसे भरत होते आणि तिला ते खिडकीच्या काचेपलीकडून बघितल्यासारखं दिसत होतं. हाक मारली तरी पलीकडे ऐकू जाणार नव्हती.

“पण अर्ध्या किमतीत त्याला परवडतं कसं?” कितिओने मनापासून विचार करत म्हणाला.

“कितिओने.”

“नाही, पाळायचा खर्च नाही, लाकडं नाहीत, तसं बघितलं तर...”

“कितिओने, डुक्कर जळतंय.”

तिने स्वतःच्या खात्यावरून लिहिलं: ‘माझं पेज चोरीला गेलंय. पैसे भरू नका.’ तिथे तिचे दोनशे बारा मित्र होते, त्यातले निम्मे गेल्या कॉन्फरन्सपासून रुसलेले. पाच मिनिटांत पेजने जाहीर उत्तर दिलं: ‘आमच्या नावाने कोणी खोटी बाई फिरत आहे. सावध राहा.’ सहा हजार चारशे लोकांचं पेज एका बाजूला आणि दोनशे बारा मित्रांची बाई दुसऱ्या बाजूला. लोक कोणावर विश्वास ठेवणार, हे लुसेआनेला स्वतःच्याच मनात डोकावून कळलं. तिनेही पेजवरच ठेवला असता.

तरी काहीजण घुटमळले असते. पण त्याच वेळी खाली काटालिना आत्याच्या फोटोसकट, आत्याच्या नावाने ओळ आली: ‘मी लुसेआनेची आत्या. पेज खरं आहे. ती बाई खोटी. कृपया पैसे भरा.’

त्यावर कोणी काही बोललं नाही. आत्या बोलल्यावर कोणी बोलत नाही. नऊ जणांनी मुकाट्याने पैसे भरले.

तेव्हा लुसेआनेला कळलं की तिने कोड कोणाला पाठवला होता, किंवा निदान कोणाला नाही. आणि तिला हेही दिसलं की सुटायचा एकच रस्ता आहे: सगळ्यांसमोर सांगायचं की आत्याचं ऐकू नका. हे वाक्य तिने मनात म्हणून बघितलं आणि नकळत दाराकडे नजर टाकली, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

शनिवारी सकाळी ती पोलीस चौकीत गेली. सार्जंट मालाकाईने वही काढली, पेन झटकलं, सगळं शांतपणे लिहून घेतलं.

“गंभीर आहे,” तो म्हणाला. “फार गंभीर. बरं, ऑफर अजून चालू आहे का?”

“सार्जंट, ऑफर खोटी आहे.”

“ते कळलं मला. मी काल भरलेत.” त्याने पेन खाली ठेवलं. “दोन डुकरांचे. बायकोच्या भावाकडून भरून घेतले, ब्रिस्बेनहून. बुधवारी सासू येतेय.”

“मग आता?”

“आता मी तक्रार लिहिणारही झालो आणि तक्रारदारही झालो. मला वाटतं हे नियमात बसत नाही.” तो जरा पुढे झुकला. “पण लुसेआने, बुधवारी काहीतरी येईल ना गं? निदान एक?”

ती चौकीतून बाहेर पडली तेव्हा मागच्या खोलीतून कोणीतरी सार्जंटला विचारत होतं, अर्ध्या किमतीचं ते पेज कुठलं?

पेजवाल्या कंपनीला तिने सात वेळा कळवलं. सातही वेळा यंत्राने उत्तर दिलं आणि विचारलं, या उत्तराने तुमचं समाधान झालं का? सातव्या वेळी तिने ‘हो’ दाबलं, निदान कोणाचं तरी समाधान होऊ दे म्हणून.

दुपारी भावजयीचा फोन आला. लुसेआनेचा भाऊ फेआओ याला गुरुवारी मुलगा झाला होता. बहीणभावांनी असल्या गोष्टी समोरासमोर बोलायची रीत नाही, म्हणून फोन व्हासितीने केला होता आणि काय बोलायचं ते फेआओ मागून सांगत होता.

“वन्सं, नाव ठेवलं बाळाचं,” व्हासिती म्हणाली. आवाज जरा घाबरलेला होता.

बाळाचं नाव ठेवायचा हक्क खरं तर लुसेआनेचा, ती बाळाची आत्या. पण काटालिना आत्या हयात असेपर्यंत लुसेआनेचा हक्क म्हणजे नाव ऐकून “वा” म्हणण्याचा होता.

“वा,” लुसेआने म्हणाली. “काय ठेवलं?”

“आम्ही काल आत्यांना मेसेज केला, नाव काय? लगेच उत्तर आलं.” व्हासितीने घसा साफ केला. “डेस्मंड फिंच.”

लुसेआने खाली बसली.

“पुढे एक मोठा नंबरही होता,” व्हासिती म्हणाली. मागून फेआओ काहीतरी कुजबुजला. “हे विचारतायत, नंबर वगळला तर आत्यांना राग येईल का?”

“व्हासिती, तुम्ही नोंदणी तर नाही ना केली?”

“कालच केली, ऑफिस बंद व्हायच्या आत. नंबर घालायला तिथल्या बाईने नाही म्हटलं.” ती थोडी थांबली. “चांगलं नाव आहे ना, वन्सं? आत्यांच्या सासरचं कोणी असेल. आम्ही त्याला हाक मारली, तर हसला.”

चोराने प्रश्न अर्धाच वाचला होता. दिवसभर त्याला लोक एकच विचारत होते, खात्यावर नाव काय घालू? त्याने यांनाही तेच सांगून टाकलं होतं. आणि आता इथे हौमा गावात दोन दिवसांचं एक बाळ झोपलं होतं, ज्याच्या नावावर परदेशात लोकांचे पैसे जमा होत होते.

लुसेआने त्या दोघांना खरं सांगू शकली नाही. “वा,” ती पुन्हा म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी ती रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून चर्चमध्ये गेली तेव्हा तिला वाटलं होतं, लोक पैशांचं विचारतील. कोणी विचारलं नाही. तिच्या बाकावर मात्र एरवी सहा माणसं दाटीवाटीने बसायची, तिथे ती आणि कितिओने दोघंच उरले.

“काय झालंय?” तिने दबक्या आवाजात विचारलं.

कितिओनेने गाण्याच्या पुस्तकाआड फोन उघडला आणि तिला दाखवला. पेजवर सकाळी नऊ वाजता नवी जाहिरात पडली होती: ‘रविवार स्पेशल! आज चोवीस तास चालू!’

चोरी एकवेळ लोकांनी पोटात घातली असती. रविवारी दुकान उघडणं कोणी पोटात घालणार नव्हतं. त्या दिवशी तोंगात कोणी सुपारीएवढी वस्तू विकत नाही, कोंबड्यासुद्धा जरा हळू चालतात. पाद्रीसाहेबांनी प्रवचनात कोणाचं नाव घेतलं नाही. ते छताकडे बघत एवढंच म्हणाले, की काहींना परमेश्वराच्या दिवशीही डुकरं विकल्यावाचून राहवत नाही. सगळं चर्च छताकडे बघू लागलं, आणि लुसेआनेला ते बघणं थेट अंगावर आल्यासारखं वाटलं.

“काल कावाच्या मुळांचा काढा प्यायला बसलो होतो,” कितिओने पुस्तकातून म्हणाला. “सगळे म्हणत होते, तुझी बायको श्रीमंत झाली. मी म्हटलं नाही. तर म्हणाले, लपवतोय.”

“बुधवारी येतील रे सगळे. दारात उभे राहतील. काय देऊ त्यांना?”

“चौदा आहेत आपल्याकडे.”

“ती चौदा ज्यांची आहेत त्यांची आहेत.”

“मग आत्याला सांगावं लागेल.”

हे वाक्य त्याने इतक्या हलक्या आवाजात म्हटलं, की पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून बघायला लागली.

प्रार्थना संपल्यावर दोघं व्हॅनने नुकुआलोफाला निघाले. बारा किलोमीटरचा रस्ता. मांडीवर केळीच्या पानात बांधलेलं जेवण, कारण आत्याकडे रिकाम्या हाताने जाणं म्हणजे वेगळाच गुन्हा. वाटेत लुसेआने मनातल्या मनात सुरुवात जुळवत होती. आत्या, तुम्हाला एक सांगायचंय. आत्या, तुमच्या नावाने कोणीतरी. आत्या, चूक माझीच आहे, पण. प्रत्येक वाक्य ‘पण’पाशी येऊन अडत होतं.

आत्या ओसरीत तिच्या मोठ्या खुर्चीत बसली होती. मागे तो फ्रीज. लुसेआने खाली चटईवर बसली, कितिओने पायरीवर, पळता येईल इतक्या अंतरावर.

“डुक्कर कुठंय?” आत्या म्हणाली.

“आज तारोची पानं आणि मटण आणलंय, आत्या.”

“मी ते विचारलं नाही.”

लुसेआनेने खाली बघत सगळं सांगितलं. कोड, पेज, गुलाबी डुक्कर, सार्जंटची सासू, रविवार स्पेशल. बाळाचं नाव सगळ्यात शेवटी.

“काय लिहिलं होतं त्याने?” अखेर आत्याने विचारलं. “शब्द सांग.”

“‘कृपया मला पाठव.’”

“कृपया.”

“हो.”

“आणि तुला वाटलं ती मी?” आत्या खुर्चीत पुढे सरकली. “बावीस वर्षं तुझ्यावर ओरडतेय, ती काय हवेत? माझा आवाज ओळखता येत नाही तुला? कोणी भिकाऱ्यासारखं ‘कृपया’ म्हणतो आणि भावाची पोर म्हणते, ही आमची आत्या!”

“मला वाटलं वय झालं तुमचं,” लुसेआनेच्या तोंडून गेलं.

पायरीवर कितिओने डोळे मिटून बसला.

“आत्या,” लुसेआने घाईघाईने म्हणाली, “तुमचा फोन बंद आहे का हल्ली?”

आत्या रस्त्याकडे बघू लागली. “दोन आठवडे झाले. कोणाचे मेसेज येत नाहीत. मला वाटलं, लोक आदराने गप्प आहेत.”

“त्याआधी फोनवर काही आलं होतं का?”

एक कोंबडी हळू चालत ओसरीवरून गेली.

“फ्रीजर,” आत्या म्हणाली. “मला फ्रीजर लागलाय, म्हणून आलं होतं. मोठा, आडवा. नाव लिहा, पासवर्ड लिहा. लिहिला.”

“तुम्हाला शंका नाही आली?”

“कसली शंका?” आत्याला खरंच कळेना. “मला वस्तू मिळतात. जन्मभर मिळत आल्यात. फ्रीज मिळाला, तसा फ्रीजर.”

लुसेआनेला हसावं की रडावं कळेना. दोघींनाही चोराने एकाच दोरीने बांधलं होतं. एकीला मागायची सवय, दुसरीला द्यायची.

“आत्या, उद्या रेडिओवर सांगायला हवं. मयताच्या बातम्यांनंतर घरगुती निरोप वाचतात ना, तेव्हा. तुमच्या नावाने. म्हणजे लोक पैसे भरायचे थांबतील.”

“काय सांगू? काटालिना फसली? एका फ्रीजरला?” आत्याचा आवाज एकदम खाली आला, आणि तो वरच्या आवाजापेक्षा भीतिदायक होता. “आख्खा देश ऐकतो तो रेडिओ. बेटांवरचे ऐकतात. माझ्या नणंदा ऐकतात. नाही. जा घरी.”

इथे उठायचं असतं. आत्या ‘जा’ म्हणाली की भाची उठते. कितिओने तर उठलाही होता. लुसेआनेच्या डोळ्यासमोर दाराशी उभे असलेले ते सगळे लोक आले, हातात भरल्याच्या पावत्या घेऊन, आणि प्रत्येकजण तिचं नाव घेऊन विचारत होता, कुठंय? आठ वर्षं त्या नावाला जपत ती निखाऱ्यांसमोर उभी राहिली होती. तिचे गुडघे चटईवरून हलले नाहीत.

“आत्या, मग बुधवारी जे जे माझ्या दारात येतील, त्यांना मी हे घर दाखवीन.”

कोंबडी थांबली. निदान कितिओने नंतर सगळ्यांना तसं सांगत असे.

“तू मला धमकी देतेस?”

“हो,” लुसेआने म्हणाली. “कृपया.”

सोमवारी दुपारी, मयताच्या चार बातम्या आणि एका हरवलेल्या बोकडानंतर, रेडिओवर आत्याचा आवाज आला. निवेदकाला वाचू द्यायला तिने नकार दिला होता. कितिओनेने आवाज मोठा केला. शेजाऱ्यांनीही केला, तेव्हा सगळा रस्ताच बोलू लागला.

“मी काटालिना. माझा फोन एका चोराने घेतला आहे. फ्रीजर देतो म्हणाला होता.” इथे इतका वेळ शांतता झाली की लुसेआनेला वाटलं, संपलं. “मी कोणाकडे काही मागितलेलं नाही. मला हवं असतं तेव्हा मी येऊन घेऊन जाते. माझ्या नावाने ‘कृपया’ लिहिणारा माणूस खोटा. लुसेआनेच्या पेजवर पैसे भरू नका. रविवारी तिने काही विकलेलं नाही, ती चर्चमध्ये होती, पाद्रीसाहेबांनी तिला छतावर शोधलं. डुक्कर हवं असेल तर हौमाला तिच्या घरी माणूस पाठवा, तिचं तोंड बघा आणि मग द्या. चोरासाठी निरोप: फ्रीजर कबूल केलास, तर दे. मी वाट बघतेय.”

मंगळवारी पेजवर एकही ‘भरले’ आलं नाही. बुधवारी मात्र लोक आले.

एकोणीस घरं. लुसेआनेने पडद्याआडून मोजली. सार्जंट मालाकाई सगळ्यात पुढे, गणवेशात, शेजारी सासू. कोणी भांडायला आलं नव्हतं. रेडिओ सगळ्यांनी ऐकला होता. ते नुसते उभे होते, पावत्या हातात घेऊन, आणि तेच जास्त वाईट होतं. दारात आलेल्याला रिकामं परत पाठवायची सोय तिच्या घराण्यात नव्हती, आणि चौदा डुकरं ज्यांची होती त्यांच्या घरी सकाळीच पोचली होती. पुढच्या महिन्यासाठी राखलेली दहा पिलं तिने पहाटे स्वतःच्या हातांनी सळयांवर चढवली होती. एकोणीस घरं, दहा पिलं. काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

तेवढ्यात व्हॅनमधून एक खुर्ची उतरली, आणि खुर्चीमागून आत्या. तिने खुर्ची दारात मांडायला लावली, बसली आणि सुरा मागितला.

“चोराने काय सांगितलं होतं?” तिने सार्जंटला विचारलं.

“अर्धी किंमत, बाईसाहेब.”

“मग अर्धं डुक्कर घे.”

“पण मी दोनाचे...”

आत्याने नुसतं बघितलं.

“अर्धं छान आहे,” सार्जंट म्हणाला.

एकामागून एक दहा डुकरं मधोमध चिरली गेली. एकोणीस घरं एकोणीस अर्धुकं घेऊन, आभार मानत, थोडी गोंधळून परत गेली. विसावं अर्धं आत्याने पानात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवलं. लुसेआनेची पुढच्या महिन्याची कमाई दुपारच्या आत संपली होती. पण जाताना सार्जंटच्या सासूने कुरकुरीत कातडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हटलं, “हिचं घर आता कळलं. नाताळला दोन सांगून ठेवते. पूर्ण.”

बाळाचं नाव बदललं नाही. आत्या म्हणाली, नोंदलेलं नाव खोडलं तर लोकांना वाटेल मी चुकते. मूल गुटगुटीत आहे आणि त्या नावाला ओ देतं.

पेज अजून सुरू आहे. गुलाबी डुक्कर अजून हसतंय. दाराला आता पाटी आहे, आणि ऑकलंडातले लोक पैसे भरायच्या आधी इथल्या कोणा काकाला लुसेआनेचं तोंड बघायला पाठवतात. दिवसातून तीन-चार काका येतात, तोंड बघतात, “आहे” म्हणून फोन करतात आणि चहा पिऊन जातात.

महिन्याभराने एका मंगळवारी तिच्या फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ‘मी काटालिना. नवीन फोन. दोन डुकरं पाठव.’

कितिओनेने वाचलं. “‘कृपया’ नाही. म्हणजे तीच.”

लुसेआने मेसेजकडे बघत राहिली. “रेडिओ आख्ख्या देशाने ऐकला, कितिओने. चोराने ऐकला नसेल कशावरून? आता त्यालाही माहितीय, काय लिहायचं नाही ते.”

फोन चटईवर दोघांच्या मधोमध पडला होता आणि त्याला हात लावायची कोणाची तयारी नव्हती.

“एक कर,” लुसेआने शेवटी म्हणाली. “त्या सळईवरचं काढ. व्हॅनमध्ये ठेव. उत्तर देऊ नकोस.”

बारा किलोमीटर तिने फोनकडे बघितलं नाही. मांडीवरचं डुक्कर गरम होतं, पानातून चरबी गळत होती, आणि ती दर वळणावर स्वतःला विचारत होती, आत्याने मेसेज केलाच नसेल तर काय सांगायचं, कशाला आलो? आणि केला असेल तर काय सांगायचं, विश्वास का नाही ठेवला?

व्हॅन थांबली. ओसरीत आत्या खुर्चीतून उठून उभी राहिली होती. तिने लुसेआनेकडे बघितलं, लुसेआनेच्या हातांकडे बघितलं, मग मागच्या रिकाम्या व्हॅनकडे.

“दोन सांगितली होती,” आत्या म्हणाली.